जीर्णोद्धार म्हणजे नेमकं काय? लास पिन्यासच्या बांबू-ऑर्गनच्या निमित्ताने

मागच्या भाषणात आपण मिलिंदप्रश्नातल्या रथापाशी थांबलो होतो. नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी रथ सापडतच नाही. भाषणानंतर तुमच्यापैकी काहींनी आम्हाला विचारलं की सर, युक्तिवाद छान आहे, पण प्रत्यक्षात याचं काय करायचं? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एकच वस्तू समोर ठेवतो. ती आपल्याकडची नाही. फिलिपाइन्समध्ये, मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यास नावाचं शहर आहे. तिथल्या संत जोसेफ यांच्या कॅथलिक पॅरिश चर्चमध्ये एक ऑर्गन आहे, आणि त्याचे बहुतेक सगळे पाइप बांबूचे आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. बालगंधर्वांच्या गाण्यामागचा तो भरदार सूर. पण तो ऑर्गन म्हणजे आपल्या पायपेटीचा मोठा भाऊ. त्यात आवाज निघतो तो पितळेच्या पट्ट्यांतून, ज्यांना आपण रीड किंवा नुसतं 'सूर' म्हणतो. पाइप ऑर्गन वेगळा. त्यात भात्याने हवा एका लाकडी पेटीत दाबून ठेवतात. त्या पेटीवर पाइप उभे असतात. पट्टी दाबली की त्या पाइपखालची झडप उघडते आणि हवा आत शिरते. कुठल्या ओळीतले पाइप बोलतील हे ठरवायला बाजूला ओढायच्या खुंट्या असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. म्हणजे एकाच पट्टीवर पाइपांच्या अनेक ओळी असतात, एखादी ओळ वाजवा नाहीतर चार मिळून वाजवा.

आता यातली मुख्य गोष्ट बघा. बासरीत एकच बांबू असतो आणि त्यातून सगळे सूर काढायचे असतात. बोटं अर्धी झाकायची, फुंक कमी-जास्त करायची, आणि सुरावरून सुरावर घसरत जायचं. ऑर्गनमध्ये याच्या बरोबर उलटं आहे. प्रत्येक पाइपला जन्मभर एकच सूर. त्याने दुसरा सूर काढला तर तो बिघडला असं समजायचं. लास पिन्यासच्या ऑर्गनमध्ये एकूण 1031 पाइप आहेत. त्यांतले 902 बांबूचे आणि 129 धातूचे. म्हणजे 902 बांबू, आणि प्रत्येकाला एकच काम.

आपल्या कानाला यात लगेच उणीव दिसते. मीड नाही, गमक नाही, मग हे कसलं संगीत? याच आक्षेपावरून आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. आक्षेप खोटा नाही. पण जे वाद्य जे काम करायला निघालेलंच नाही, त्या कामावरून त्याला नापास करणं ही समीक्षा नव्हे. ऑर्गनचं काम आहे अनेक स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी, एका मोठ्या दगडी जागेत, न डगमगता धरून ठेवण्याचं. तिथे सूर ताणायला कोणी नसतो, म्हणून सगळी अक्कल आधीच, बांधणीत, खर्च करावी लागते. ऑर्गनचं अर्धं संगीत वादक बसायच्या आधी सुताराच्या खोलीत झालेलं असतं. म्हणून आम्ही आज बांधणाऱ्याबद्दल जास्त बोलणार आहोत.

बांधणारे होते फादर दिएगो सेरा. जन्म 1762, स्पेनमधल्या अरागॉन प्रांतातल्या ग्राउस गावी. ऑगस्टिनियन रिकॉलेक्ट या संन्यासी पंथाचे. लास पिन्यासचे ते पहिले पॅरिश धर्मगुरू. तिथलं दगडी चर्च त्यांच्याच देखरेखीखाली उभं राहिलं. 1816 च्या सुमाराला त्यांनी ऑर्गनचं काम हाती घेतलं. समोर समुद्र, गावात मिठागरं, हवेत बाराही महिने दमटपणा. अशा जागी युरोपातून कथलाचे-शिशाचे शेकडो पाइप मागवणं म्हणजे पैसा आणि वर्षं दोन्ही घालवणं. आसपास बांबू मुबलक होता आणि तो कापणारे, तासणारे हातही होते.

बांबूचा शत्रू कोण, हे आपल्या कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ठाऊक आहे. भुंगा लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत आतून पीठ होतं. म्हणून आपल्याकडे बांबू ओढ्याच्या पाण्यात भिजत टाकतात, आतलं गोड सत्त्व निघून जाऊ देतात आणि मग वापरतात. लास पिन्यासला तोडलेले बांबू समुद्रकाठच्या वाळूत काही महिने पुरून ठेवले. जे त्यातून धड निघाले, ज्यांना किडीने तोंड लावलं नाही, तेवढेच पाइपांसाठी घेतले. दोनशे वर्षांनंतरही हा ऑर्गन वाजतो याचं निम्मं श्रेय आम्ही त्या वाळूला देऊ.

आणि इथेच आमची पहिली तक्रार आहे. माहितीपत्रकांत, चित्रफितींत सगळीकडे एकच नाव असतं, फादर सेरांचं. ते मोठे कारागीर होते यात वाद नाही. पण बांबू कुठल्या महिन्यात तोडायचा, कुठला कोवळा, कुठला जून, पेर कुठे छाटायचं हे ज्ञान अरागॉनच्या डोंगरात मिळत नाही. ते गावात असतं. आपल्याकडे ते बुरुडांच्या घरात असतं. त्या लोकांची नावं कुठेच नाहीत. याला कोणा एकाचा दोष म्हणता येत नाही, कारण चर्च असो की देऊळ, शिलालेखात दात्याचं नाव येतं, छिन्नी धरणाऱ्याचं क्वचितच येतं. पण समीक्षा करताना एवढं तरी म्हणावं की हा ऑर्गन दोन प्रकारच्या ज्ञानांच्या भेटीतून झालेला आहे आणि त्यातल्या एकालाच सही करायला मिळाली.

आता वाद्याकडे येऊ. लोक याला कुतूहल म्हणून बघायला जातात. बांबूचा ऑर्गन, काय नवल! आम्हाला हे 'नवल' थोडं अपमानास्पद वाटतं. नवल म्हणजे एकदा पाहिलं आणि संपलं. या वाद्याचा मोठेपणा बांबू वापरण्यात तर आहेच, पण बांबू कुठे वापरायचा नाही हे ओळखण्यात आम्हाला तो जास्त दिसतो.

नीट सांगतो. ऑर्गनचे पाइप दोन जातींचे. एका जातीत हवेचा पातळ झोत पाइपच्या तोंडाच्या धारेवर आपटतो आणि आतला हवेचा स्तंभ थरथरतो. हे बासरीचंच तत्त्व आहे. इथे बांबू आपल्या घरी आहे. दुसऱ्या जातीत पितळेची एक जीभ थरथरते आणि वरचा पाइप तिचा आवाज वाढवून बाहेर टाकतो. ट्रम्पेट नावाचे स्टॉप या जातीचे. त्यांचा पाइप तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद, आपल्या तुतारीच्या तोंडासारखा, असावा लागतो, आणि त्याची भिंत पातळ लागते. बांबू तसा वाढत नाही. तो सरळ, नळीसारखा वाढतो आणि त्याची भिंत जाड असते.

1821 पर्यंत बाकीचं काम बहुतेक झालं होतं. ट्रम्पेट तेवढे राहिले होते. फादर सेरांनी ते धातूचे करायचं ठरवलं आणि 1824 साली ऑर्गन पुरा झाला. तेच ते 129 पाइप. स्पेनमधल्या ऑर्गनांच्या रीतीप्रमाणे ते आडवे बसवले आहेत, समोरच्या माणसांवर रोखल्यासारखे.

हट्टी माणूस असता तर त्याने ट्रम्पेटही बांबूचेच केले असते. मग हजारच्या हजार पाइप बांबूचे असं अभिमानाने सांगता आलं असतं आणि आवाज बसका निघाला असता. भित्रा असता तर त्याने धातूची वाट पाहत ऑर्गनच केला नसता. या माणसाने साहित्याला विचारलं की तुला काय जमतं, आणि जे जमत नाही ते त्याच्यावर लादलं नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तीस वर्षं 'विवेक' हा शब्द फळ्यावर लिहीत आलो. त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला पुस्तकांत कमी मिळालं.

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने मनिलाला जाणं झालं, तेव्हा आम्ही हा ऑर्गन प्रत्यक्ष ऐकला. रविवारची उपासना होती, मैफल नव्हती. आमचा धर्म वेगळा, भाषा कळत नव्हती, म्हणून मागच्या बाकावर बसलो. बांबूचे स्टॉप सुरू झाले तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती सुराआधीची बारीक फुसफुस. बासरीवाला ओठ लावतो तेव्हा ऐकू येते ना, तशीच. सूर मऊ, गोलसर, कुठेही टोचत नाही. शेजारी एक आजीबाई होत्या, त्या वाद्याकडे बघतही नव्हत्या. गात होत्या. मग एका कडव्याला आडवे ट्रम्पेट लागले आणि सगळ्या चर्चची पाठ एकदम ताठ झाली. मऊ आणि कडक यांच्यातला हा फरकच या वाद्याची रचना आहे. बांबू नसता तर ट्रम्पेट इतके धारदार वाटले नसते, आणि ट्रम्पेट नसते तर बांबू तासाभरात गुळगुळीत वाटू लागला असता.

इथवर आपण गुणगान केलं. आता अवघड भाग.

एकोणिसाव्या शतकात त्या भागाला भूकंपांनी आणि वादळांनी झोडपून काढलं. 1863 चा मोठा भूकंप, पुन्हा 1880 चा. चर्चचं नुकसान झालं, ऑर्गनचंही झालं. बराच काळ तो अर्धवट वाजत होता किंवा मुकाच होता. विसाव्या शतकात डागडुजी झाली, पण पूर्ण आवाज परत आला नाही. शेवटी 1973 साली तो सुटा करून जर्मनीला, बॉन शहरातल्या योहान्नेस क्लाइस या ऑर्गन बांधणाऱ्यांच्या कारखान्यात पाठवला. बांबू दमट हवेतला, आणि तिथली हवा थंड नि कोरडी. म्हणून मनिलाच्या हवामानासारखी हवा ठेवलेल्या खोलीत काम करावं लागलं. 1975 च्या मार्चमध्ये ऑर्गन परत आला तेव्हा लोकांनी मिरवणूक काढून त्याचं स्वागत केलं आणि मे महिन्यात पहिली मैफल झाली. 1976 पासून दरवर्षी तिथे बांबू-ऑर्गनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. 2003 साली फिलिपाइन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला.

गोष्ट सुखान्त वाटते. पण नागसेन मागे उभा आहे आणि विचारतो आहे, जो परत आला तो तोच ऑर्गन का?

याला दोन सोपी उत्तरं आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिलं उत्तर साहित्याचं. जितके जुने बांबू, तितका जुना ऑर्गन. हा हिशेब मांडला तर दर दुरुस्तीला वाद्य थोडं थोडं मरतं. कुठल्याही ऑर्गनच्या भात्याचं चामडं काही दशकांनी बदलावंच लागतं. मग चामडं बदललं त्या दिवशी आपण सुतक पाळायचं का? दुसरं उत्तर आवाजाचं. आवाज तोच असला की वाद्य तेच. ऐकायला हे बरं वाटतं, पण 1824 चा आवाज कोणी ऐकलाय? ध्वनिमुद्रणाचा शोधच त्यानंतर पन्नास वर्षांनी लागला. पाइपच्या तोंडाची उंची केसभर बदलली, पायातलं भोक थोडं मोठं केलं, तरी सुराचा स्वभाव पालटतो. म्हणजे बॉनमध्ये जो 'मूळ आवाज' परत आणला गेला तो एक अंदाज होता. जाणत्यांनी केलेला, पुराव्यांवर उभा, पण अंदाजच. प्रत्येक जीर्णोद्धार ही त्या वस्तूवरची टीका असते, भाष्य या अर्थाने. ज्ञानेश्वरी हे गीतेवरचं भाष्य आहे हे आपण मान्य करतो, पण दुरुस्त केलेलं देऊळ मात्र 'जसंच्या तसं' आहे असं म्हणतो. ते जसंच्या तसं कधीच नसतं.

मग काय टिकलं? याचं उत्तर आम्हाला ऑर्गनमध्ये मिळालं नाही, ऑर्गनच्या बाहेर मिळालं. 1994 साली तिथे ऑर्गन बांधण्याची आणि दुरुस्त करण्याची एक संस्था सुरू झाली, फादर दिएगो सेरांच्याच नावाने. जर्मनी-ऑस्ट्रियात हे काम शिकून आलेल्या फिलिपिनो माणसांची. 2003-04 मध्ये बांबू-ऑर्गनचं पुन्हा मोठं काम निघालं ते याच लोकांनी केलं. आता वाद्याला समुद्र ओलांडावा लागला नाही.

आमच्या मते या वाद्याच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे, आणि हिची मिरवणूक निघाली नाही. 1973 साली पाइप गावात होते, पण ते बरे करणारा हात गावात नव्हता. 1824 साली दोन्ही होतं. मधल्या दीडशे वर्षांत जे हरवलं ते बांबूचं नव्हतं, हाताचं होतं. बॉनने वाद्य परत दिलं आणि पुढच्या पिढीने हात परत आणला. म्हणून आमची कसोटी अशी आहे. जीर्णोद्धार खरा की खोटा हे विचारताना किती टक्के जुनं उरलं हे नंतर विचारा. आधी विचारा, याची पुढची दुरुस्ती कोण करणार, आणि तो माणूस या कामातून काही शिकला का?

हे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगत नाही. याचं कारण आता सांगायला हवं.

आमच्या गावात ग्रामदैवताचं देऊळ आहे. त्याचा सभामंडप लाकडी होता. सागवानी खांब, वर कोरीव तुळया, जमिनीला शहाबादी फरशी. वीसेक वर्षांपूर्वी जीर्णोद्धार समिती झाली आणि शिकलेला माणूस म्हणून आम्हाला तीत घेतलं. दोन खांबांना वाळवी लागली होती. बैठकीत चर्चा झाली ती खर्चाची, देणगीदारांच्या पाट्यांची आणि ग्रॅनाइटच्या रंगाची. मंडप पाडून सिमेंटचा करायचा ठराव आला. आम्ही प्लुटार्कने सांगितलेलं थीसिअसचं जहाज तोपर्यंत किती तुकड्यांना शिकवलं होतं, मोजलं नाही. पण त्या बैठकीत हात वर केला. वाद नको, एवढाच विचार होता.

त्या मंडपाचं मूळ काम ज्या सुतार घराण्याने केलं होतं त्यातले एक दादा तेव्हा गावात होते. सत्तरीचे होते. बैठक चालू असताना बाहेर कट्ट्यावर बसून होते. त्यांना कोणी आत बोलावलं नाही. ठराव झाल्यावर आम्ही बाहेर आलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, दोनच खांब खराब होते. मला सांगितलं असतं तर पोरांना हाताशी घेऊन बसवले असते." पोरांना हाताशी घेऊन, हे त्यांचे शब्द आम्हाला त्या दिवशी ऐकू आले पण कळले नाहीत. लास पिन्यासच्या मागच्या बाकावर बसल्यावर कळले. त्यांना खांबांचं तर दुःख होतंच, पण त्या दोन खांबांच्या निमित्ताने दोन पोरं शिकली असती ती शिकली नाहीत, हे त्यांना दिसत होतं. आज त्या घरातलं कोणी सुतारकाम करत नाही. नव्या मंडपाला चिरा पडल्या आहेत, पावसात गळतोही, आणि तो दुरुस्त करायला बाहेरून ठेकेदार येतो.

कोणी म्हणेल, सर, चर्चच्या ऑर्गनमागे पैसा होता, परदेशी मदत होती, आमच्या गावाकडे काय आहे? बरोबर आहे. बॉनला वाद्य पाठवणं सगळ्यांना परवडत नाही. पण सुतारदादांना आत बोलवायला किती पैसे लागले असते?

आणखी एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. हात टिकवायचे तर मग वस्तू जुनी कशाला, नवीनच बनवत राहा की. यातही तथ्य आहे. पण हात हवेत शिकत नाही. त्याला समोर एक अवघड, जुनी, चांगली वस्तू लागते, जी चूक केली की लगेच सांगते. बेसूर पाइप लपत नाही. वस्तू हाताला शिकवते आणि हात वस्तूला जिवंत ठेवतो. यातलं एक सुटलं की दुसरं फार दिवस राहत नाही. नागसेनाच्या रथात आम्ही एवढीच भर घालू. रथ आसात नाही, चाकात नाही, हे कबूल. पण रथ मोडला तर तो जोडता येणारा माणूस गावात असेल, तर रथ गावात आहे असं म्हणायला हरकत नसावी.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या गावात किंवा गल्लीत जुनी पायपेटी, जुना रथ, जुना वाडा, जे काही दुरुस्तीला निघणार असेल, त्या बैठकीला जा. ठराव मतदानाला यायच्या आधी विचारा, हे ज्यांनी केलं त्यांच्या घरातलं कोणी आहे का, आणि बाहेर कट्ट्यावर तर बसलेलं नाही ना? आम्ही विचारलं नव्हतं.

पुढच्या वेळी थीसिअसच्या जहाजाकडे वळू.